जेलीच्या पाककृतीखाली साठवणुकीचेही लिहावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्चअखेरीस आपल्या दैनिकाच्या उन्हाळी पुरवणीत जिलेटिन घालून करावयाच्या थंड गोड पदार्थांच्या पाककृती प्रसिद्ध झाल्या. संत्र्याच्या रसाची जेली, दुधाचे पुडिंग आणि आमरसाचे मूस असे तीन पदार्थ त्यांत होते. प्रमाणे नेटकी होती, कृती समजेल अशा भाषेत होती आणि छायाचित्रे पाहून आमच्या गावातल्या पुष्कळ मुलांनी आईमागे टुमणे लावले, यावरून त्या किती वाचल्या गेल्या हे कळावे. माझी हरकत आहे ती प्रत्येक पाककृतीच्या शेवटी आलेल्या एका सूचनेला. पदार्थ बर्फाच्या कप्प्यात ठेवून घट्ट करावा, तिथेच साठवावा आणि पाहुणे आले की काढून वाढावा, असे तिन्ही ठिकाणी सांगितले होते. मूसपुरते ते एक वेळ चालेल. जेली आणि पुडिंग यांचा मात्र त्याने सत्यानाश होतो. त्यातही वर्धा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि भर दुपारी लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो, तिथे साठवणुकीची सूचना ही पाककृतीतली शेवटची नव्हे, तर सर्वांत जपून लिहावयाची ओळ ठरते. मी निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका असून अजूनही उन्हाळ्यात बचत गटातल्या महिलांना फळप्रक्रियेचे धडे देते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुरवणी आली त्या आठवड्यातच शेजारच्या घरी बर्फाच्या कप्प्यातून काढलेली संत्र्याच्या जेलीची वाटी मला दाखवण्यात आली. बर्फ उतरल्यावर तिचा पारदर्शकपणा गेलेला होता, वर पांढुरकी छटा आली होती, मध्ये आडव्यातिडव्या भेगा पडल्या होत्या, चमचा लावल्यावर थरथरण्याऐवजी तिचे तुकडे होत होते आणि तळाशी बोटभर केशरी पाणी साचले होते. ते पाणी चाखून पाहिले तेव्हा साखर आणि संत्र्याचा बहुतेक स्वाद त्यातच उतरलेला आढळला; वर राहिलेला गोळा चोथट आणि बेचव होता. घरच्या सूनबाईंचा समज असा झाला होता, की तालुक्याच्या दुकानदाराने भेसळीचे जिलेटिन दिले. दुकानदाराचा काही दोष नव्हता आणि सूनबाईंच्या हाताचाही नव्हता. छापून आले तसे त्यांनी केले होते.

असे का होते, हे समजण्यासाठी फार शास्त्र लागत नाही. जनावरांच्या कातडी-हाडांत असणाऱ्या कोलॅजन या प्रथिनापासून जिलेटिन काढतात. गरम पाण्यात ते विरघळले, की त्याचे लांब रेणू सुटे फिरत असतात. मिश्रण थंड होऊ लागल्यावर हेच रेणू जागोजागी एकमेकांना पीळ देऊन धरतात आणि सगळ्या वाटीभर एक सलग जाळे तयार होते, ज्याच्या पोकळ्यांत पाणी अडकून राहते. साध्या जेलीत शंभर भागांत जेमतेम दोन भाग जिलेटिन असते, म्हणजे अर्ध्या लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा प्रथिनाने उरलेला सगळा द्रव उभा धरलेला असतो. फ्रिजच्या साध्या कप्प्यात ४ ते ५ अंश सेल्सिअसला हे काम उत्तम होते. सुमारे चार तासांत वाटी बसते आणि त्यानंतरही दिवसभर ती थोडी थोडी घट्ट होत जाते. बर्फाच्या कप्प्यात मात्र पाण्याचे स्फटिक होऊ लागतात आणि ते वाढताना आजूबाजूचे पाणी ओढून घेतात, साखर आणि रस बाजूला सारतात व वाटेत येणारे जाळे रेटून फाडतात. पुढे बर्फ वितळला, तरी ते पाणी पुन्हा जाळ्यात शिरत नाही, कारण त्याला धरून ठेवणाऱ्या पोकळ्याच उरलेल्या नसतात. घरगुती फ्रिजचा बर्फाचा कप्पा पदार्थ सावकाश गोठवतो आणि गोठण्याला जितका वेळ जास्त, तितके स्फटिक मोठे, त्यामुळे कारखान्यातल्या वेगवान गोठवणीच्या मानाने घरी हे नुकसान अधिक होते. कॉर्नफ्लोअर घालून केलेल्या पुडिंगचीही हीच गत आहे. त्यातले पिठूळ जाळे गोठवल्यावर असेच पाणी सोडते.

आइस्क्रीममध्ये जिलेटिन घालतात, ते कसे बिघडत नाही, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. तिथे त्याचे प्रमाण फारच अल्प असते, काम वेगळे असते आणि आइस्क्रीम गोठलेलेच खाल्ले जाते. तिथे जिलेटिनने बर्फाचे स्फटिक बारीक ठेवावेत एवढीच अपेक्षा असते. मूस, मलईचा केक, चीजकेक यांतही जिलेटिन असते. परंतु त्यांत स्निग्धांश भरपूर असतो, फेटल्यामुळे हवा अडकलेली असते आणि मोकळे पाणी कमी असते, म्हणून घट्ट झाकण लावून गोठवले आणि वाढण्याच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवले तर ते बऱ्यापैकी टिकतात. आपल्या पुरवणीतले आमरसाचे मूस या वर्गात बसते. एकाच सूचनेत तिघांना बांधल्यामुळे गोंधळ झाला.

गोठवल्याने जाळ्यातले पाणी बाहेर पडते याचा सर्वांत मोठा पुरावा किराणा दुकानात टांगलेल्या चायना ग्रासच्या पाकिटात आहे. चायना ग्रास म्हणजेच अगर-अगर हे समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढतात, तेव्हा ते पूर्णपणे शाकाहारी. शेवाळ उकळून, गाळून, थंड केल्यावर जो घट्ट गोळा तयार होतो, तो जपानमध्ये सतराव्या शतकापासून हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर गोठू देत आणि दिवसा वितळू देत. असे वारंवार केल्यावर पाणी निथळून जाते आणि हलक्या, पांढऱ्या, वाळलेल्या पट्ट्या हाती येतात. तिथे गोठवण्याचा हेतूच पाणी काढून टाकण्याचा होता. आपण पाहुण्यांसाठी केलेल्या दुधाच्या चायना ग्रासला बर्फाच्या कप्प्यात ठेवतो, तेव्हा नकळत तीच प्रक्रिया घरी सुरू करतो आणि मग खरवसासारखा लुसलुशीत तुकडा हवा असताना वाटीत स्पंज आणि पाणी वेगवेगळे मिळतात. म्हणजे जिलेटिन असो वा चायना ग्रास, बर्फाचा कप्पा दोघांनाही वर्ज्य आहे.

गोठवण्याच्या बाबतीत दोघांचे दुखणे एक असले, तरी उष्णतेच्या बाबतीत मात्र त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे आणि विदर्भातल्या वाचकाला हा फरक सांगणे मला अत्यावश्यक वाटते. जिलेटिनची जेली साधारण तिशीच्या आसपास वितळू लागते. म्हणूनच ती तोंडात विरघळते आणि म्हणूनच नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात पंगत बसेपर्यंत ताटात तिचे सरबत होते. चायना ग्रास सुमारे ३५ ते ४० अंशांवर बसते, परंतु एकदा बसल्यावर ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. १८८१ साली बर्लिनमध्ये जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जीवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनच्या थराचा उपयोग करीत, तेव्हा तो उन्हाळ्यात पातळ होई आणि काही जीवाणू तर तो खाऊन टाकीत. तिथे काम करणाऱ्या वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेली आणि पुडिंगमध्ये अगर वापरत असत. जावा बेटात राहून आलेल्या परिचितांकडून त्यांना ते कळले होते. त्यांनी प्रयोगशाळेतही अगर वापरून पाहण्याचे सुचवले आणि आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत तेच वापरले जाते. स्वयंपाकघरातून विज्ञानाला मिळालेली ही देणगी पाठ्यपुस्तकांत फारशी सांगितली जात नाही, म्हणून इथे नमूद केली. आमच्या उन्हाळ्यापुरता त्यातला उपयोगाचा भाग असा, की एप्रिल ते जून या काळात समारंभासाठी जेली करावयाची असेल तर जिलेटिनचा हट्ट सोडून चायना ग्रास घ्यावे.

त्यातही एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईत लिहिलेल्या पाककृतींत कधीच आढळत नाही. चायना ग्रास खोलीच्या तापमानाला आपोआप बसते, असे त्यांत लिहिलेले असते. पण आमच्या खोलीचेच तापमान चाळिशीच्या वर असेल तर ते बसणार कसे? त्यावर उपाय जुनाच आहे. परातीत माठाचे पाणी घ्यावे, त्यात भांडे ठेवावे, भोवती ओले फडके गुंडाळून कूलरच्या वाऱ्यात ठेवावे. आमच्याकडची हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडते आणि भांडे चांगले थंड होते. मिश्रण बसल्यावरच ते फ्रिजमध्ये हलवावे, म्हणजे गरम भांड्याचा भार फ्रिजवर पडत नाही. चायना ग्रासची पूड लिटरला साधारण दहा ग्रॅम पुरते. ती पाण्यात खळखळून उकळून पूर्ण विरघळवावी लागते, आणि त्यात घालावयाचे दूधही गरमच असावे लागते, कारण थंड दूध ओतले की मिश्रणात तिथल्या तिथे दोरे आणि गुठळ्या होतात. जिलेटिनचे नेमके उलटे आहे. ते आधी गार पाण्यात दहा मिनिटे फुगवावे, मग गरम द्रवात विरघळवावे आणि त्याला उकळी येऊ देऊ नये; फार उकळल्यास त्याची पकड कमी होते.

आता लाइन जाण्याविषयी. फ्रिज बंद पडला आणि दार उघडले नाही, तर आतला थंडावा सुमारे चार तास टिकतो, असे सर्वत्र सांगितले जाते. हा अंदाज मध्यम हवामानातला आहे. पत्र्याच्या छपराखालच्या, ४२-४३ अंशांच्या स्वयंपाकघरात तो जसाच्या तसा धरू नये. आणि दार उघडले जात नाही, ही अटही सुट्टीत मुले घरी असताना पाळली जाणे कठीणच. नाशवंत पदार्थ सामान्यतः दोन तासांपेक्षा जास्त आणि बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त काळ थंडाव्याबाहेर राहू नये, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. ५ ते ६० अंश या टप्प्यात जीवाणूंची वाढ झपाट्याने होते. नुसती साखर, पाणी आणि आंबट रस यांची जेली तासा-दोन तासांच्या खंडाने बिघडत नाही. दूध, मलई, खवा किंवा अंडे असलेल्या पुडिंगची गोष्ट वेगळी. कॉख यांच्या प्रयोगशाळेतले जीवाणू जिलेटिनवर पोसले जात होते, ते लक्षात घेतले तर दूध आणि जिलेटिन एकत्र आल्यावर काय मेजवानी तयार होते, हे वेगळे सांगावयास नको.

यात खरा धोका आहे तो फसगतीचा, आणि याच मुद्द्याकडे मला आपले विशेष लक्ष वेधावयाचे आहे. दुपारी बाराला लाइन गेली, घरचे सगळे एखाद्या लग्नाला गेले होते, चार वाजता लाइन आली आणि रात्री जेवताना पुडिंग बाहेर काढले, तर ते अगदी ठणठणीत घट्ट दिसेल. मधल्या वेळात ते वितळून कोमट झाले असेल आणि नंतर पुन्हा बसले असेल, तरी त्याची कोणतीही खूण वरकरणी उरत नाही, कारण वितळणे आणि पुन्हा बसणे हा जिलेटिनचा धर्मच आहे. नासलेले दूध फाटते, भाजीला वास येतो, वरण आंबते. जिलेटिनचे पुडिंग मात्र झालेला प्रकार पोटात ठेवते. चायना ग्रासचे पुडिंग तर याहून अवघड, कारण ते चाळीस अंशांना मुळात वितळतच नाही. आकार टिकला म्हणजे पदार्थ टिकला, असे त्यावरून कोणीही समजेल. म्हणून मी वर्गात एक सोपी युक्ती सांगते. साध्या जिलेटिनच्या जेलीचा एक चौकोनी तुकडा सुरीने कापून, कडा धारदार राहतील असा, एका वाटीत पुडिंगशेजारीच ठेवावा. बाहेरून आल्यावर आधी तो पाहावा. त्याचे कोपरे शाबूत असतील तर ठीक. ते गोलाकार झाले असतील किंवा तुकडा पसरून वाटीच्या तळाला चिकटून बसला असेल, तर शेजारचे दुधाचे पुडिंग कितीही देखणे दिसत असले तरी टाकून द्यावे. मात्र तुकडा अभंग राहिला म्हणजे पदार्थ हमखास निर्धोक, असे समजू नये. तो तिशीच्या जवळ गेल्यावरच ढळतो आणि जीवाणू त्याच्या कितीतरी आधी वाढू लागतात. लाइन किती वेळ नव्हती, हे शेजाऱ्यांना विचारणे त्यापेक्षा भरवशाचे.

फ्रिजमधली जागा हाही दुर्लक्षित विषय आहे. आमच्याकडे बहुतेक घरांत एका दाराचे फ्रिज आहेत, ज्यांत बर्फाचा कप्पा वर असतो आणि त्याच्या लगेच खाली चिलरचा ट्रे. या ट्रेमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली वाटी बर्फाच्या कप्प्यात न ठेवताही कडेने गोठते, विशेषतः रात्री, दार उघडले जात नाही तेव्हा. जेलीसाठी मधली फळी योग्य. भांड्यावर झाकण हवेच; उघड्या जेलीवर वरून कातडी धरते आणि शेजारी ठेवलेल्या लसणाच्या चटणीचा नाहीतर सुकटाचा वास ती पुरेपूर उचलते. अशी झाकलेली पाणी-साखरेची जेली पाच-सहा दिवस चांगली राहते. ताजी फळे किंवा दूध घातलेली दोन, फार तर तीन दिवसांत संपवावी. उन्हाळ्यात मी स्वतः दुधाची जेली दुसऱ्या दिवसापलीकडे नेत नाही. कोरड्या जिलेटिनच्या पुडीला फ्रिजची गरज नाही, ओल न लागता हवाबंद बरणीत ती फडताळातच ठेवावी. पावसाळ्यात तिच्या गुठळ्या होतात त्या ओलीमुळे.

संत्र्याच्या जेलीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण हे पत्र संत्र्याच्या मुलखाशेजारून जात आहे. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातले नागपुरी संत्रे खाण्यासाठी अप्रतिम असले, तरी त्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की हळूहळू कडवट होतो. बिया आणि फोडींवरचे पापुद्रे रसात चिरडले गेले तर हा कडवटपणा अधिक जाणवतो, म्हणून मिक्सर न लावता हाताने, बिया काढून रस काढावा, तो लगेच वापरावा आणि जिलेटिन थोड्याशा गरम पाण्यात वेगळे विरघळवून मग कोमट झाल्यावर रसात मिसळावे, म्हणजे रस तापवावा लागत नाही. कच्ची पपई, पिकलेली पपई, ताजे अननस, किवी, अंजीर आणि ताजे आले यांत प्रथिने तोडणारी द्रव्ये असतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर जिलेटिन बसतच नाही. फळ गोठवून घेतल्यानेही ही द्रव्ये मरत नाहीत. फळ शिजवून घेतले तरच ती हरतात, आणि डबाबंद अननस चालते ते याच कारणाने. चायना ग्रास प्रथिन नसल्याने त्याला या फळांचे वावडे नाही. आमच्याकडे परसदारी पपई घरोघर असते, त्यामुळे ही सूचना पाककृतीत नसणे ही लहान उणीव नव्हे.

एक बाजूचा, परंतु आमच्या भागात नाजूक असा मुद्दा. जिलेटिन जनावरांपासून मिळते, ही गोष्ट पुरवणीत कुठेही लिहिलेली नव्हती. माळकरी, महानुभाव पंथीय, गुरुदेव सेवा मंडळाच्या परंपरेतली अशी कितीतरी शाकाहारी कुटुंबे आमच्याकडे आहेत, आणि देवघरासमोर नैवेद्याला ठेवलेल्या पुडिंगमध्ये काय होते हे नंतर कळल्यावर एका घरात झालेला मनस्ताप मी जवळून पाहिला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांनुसार मांसाहारी पदार्थाच्या पाकिटावर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण आणि शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा गोल असतो. बाजारातल्या जेली क्रिस्टल्सच्या पुष्कळ पाकिटांवर हिरवा गोल दिसतो, म्हणजे त्यांत जिलेटिन नसून शेवाळापासून काढलेले कॅराजीनन किंवा तत्सम काहीतरी असते. त्यांचे बसण्याचे आणि वितळण्याचे तापमान जिलेटिनहून निराळे असल्याने अशा पाकिटाबरोबर वर्तमानपत्रातली जिलेटिनची कृती न जुळवता पाकिटावरचीच सूचना पाळावी.

मग बर्फाच्या कप्प्याचा उपयोग करावयाचाच नाही का, तर तसेही नाही. तयार पदार्थाऐवजी त्याचे साहित्य गोठवावे. आंब्याचा रस, सीताफळाचा गर, जांभळाचा गर हे सर्व हवाबंद डब्यात, एका वेळेपुरत्या वाटण्या करून, वर तारीख लिहून गोठवता येतात. जून सरल्यावर आमरस उतरवून त्याची ताजी जेली करणे हे जूनमध्येच जेली करून ती गोठवून ठेवण्यापेक्षा सर्वच दृष्टींनी सरस आहे, आणि बर्फाच्या कप्प्यातली जागाही निम्मीच लागते. डबे शिगोशीग भरू नयेत, गोठताना गर फुगतो. संत्र्याचा रस मात्र कडवटपणामुळे यातून वगळावा. आमच्या गटातल्या महिलांनी गेल्या हंगामापासून शाळेच्या कार्यक्रमांना जेलीचे कप पुरवण्याचे काम सुरू केले आहे. गोठवलेला आमरस आणि चायना ग्रास यांवरच ते उभे आहे. कप आदल्या संध्याकाळी भरले जातात, बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या पेटीतून शाळेत नेले जातात आणि उरले तर त्याच दिवशी गटातच वाटून संपवले जातात, दुसऱ्या दिवशी विकले जात नाहीत.

ज्यांनी आधीच जेली गोठवून ठेवली असेल, त्यांनी ती फेकण्याची घाई करू नये. पाणी-साखरेची असेल आणि मधल्या काळात बाहेर राहिलेली नसेल, तर सुटलेल्या पाण्यासकट सगळे पातेल्यात घ्यावे, जिलेटिनची असेल तर मंद आचेवर न उकळता, चायना ग्रासची असेल तर एक उकळी आणून पातळ करावे, गाळावे आणि पुन्हा बसवावे. जिलेटिनच्या बाबतीत वाटीभर मिश्रणामागे चिमूटभर नवे जिलेटिन भिजवून घातले तर पकड चांगली येते. दुधाच्या पुडिंगला हा उपाय लावू नये.

संपादक महोदय, आपले दैनिक आमच्या भागात सकाळी पहिल्या एसटीने येते आणि पुरवणीतल्या पाककृती कापून फळीच्या दारावर चिकटवल्या जातात. त्या वर्षानुवर्षे तिथे राहतात. म्हणून विनंती अशी, की येत्या पुरवणीत या तीन पाककृतींपुरता एक खुलासा छापावा. जेली आणि पुडिंग फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. दुधाचा पदार्थ दोन दिवसांत संपवावा आणि लाइन बराच वेळ गेलेली असल्यास तो खाऊ नये. जिलेटिन मांसाहारी असून त्याऐवजी चायना ग्रास चालते, त्याचे प्रमाण अमुक. एवढा मजकूर पुरे. तो मूळ पाककृतीच्याच आकाराच्या चौकटीत छापल्यास अधिक बरे, म्हणजे जुन्या कात्रणाच्या खाली तो नीट चिकटवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका
ता. आर्वी, जि. वर्धा